सोमवारचा घास

१

बसवेश्वरला कुणी विचारलं की तुमच्याकडं काय पिकतं, तर तो कापूस, तूर, सोयाबीन यांचं नावच घ्यायचा नाही. "आमच्याकडं परात पिकती," म्हणायचा आणि लगेच मोबाईल काढायचा. फोटोत परभणीकडच्या पालम गावाबाहेरचा, त्याच्या शेतातला वीस बाय वीस फुटांचा सिमेंटचा हौद आणि पाण्यावर पसरलेली चार-चार फुटांची हिरवी पानं. पानांच्या कडा वर वळलेल्या. त्या कडा बघूनच त्याच्या आईनं, गंगम्मानं, झाडाला परात हे नाव पाडलं होतं. खरं नाव विलायती आणि लांबलचक. अमेझॉनकडच्या नद्यांमधलं हे कमळ. वरून बघाल तर लहान लेकरू बसवावं असं पान, आणि उलटं केलं तर खाली बोटभर काटे. देठाला काटे, कळीलाही काटे.

लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. पुण्याचा एक नर्सरीवाला तर फोनवर चक्क हसला. "परभणीत? अहो, डिसेंबरात तुमच्याकडं पारा सहावर येतो. हे झाड पंधराच्या खाली जगत नाही." आणि खरंच जगत नव्हतं. सलग तीन वर्षं दत्तजयंतीच्या सुमारास पानं काळी पडायची आणि सगळा हौद सडका वास मारायचा. बसवेश्वर मोठा रागीट गडी. राग गिळणं त्याला ठाऊकच नव्हतं, तो कुणावर तरी निघायचाच. तिसऱ्या वर्षी त्यानं मेलेल्या देठांवर कोयत्यानं घाव घातले होते, आणि त्याची बायको शिवरंजनी काठावर उभी राहून "अवो, मेलंय ते, पुरं करा की," म्हणत होती.

चौथ्या वर्षी त्यानं खत बदललं.

या झाडाची भूक दांडगी. हौदाच्या मधोमध सिमेंटची मोठी रिंग बसवून ती काळ्या मातीनं भरली होती आणि झाड त्या मातीत लावलं होतं. मातीवर दोन फूट पाणी. काठापासून रिंगपर्यंत सागवानी फळी. दर सोमवारी त्या फळीवर पालथं पडायचं आणि खताचे लाडू हातानं गाळात खोल दाबायचे. आधी तो शेंगदाण्याची पेंड वापरायचा. यंदा आणलं ते वाळलेल्या रक्ताच्या पुडीचं पोतं. कत्तलखान्यातून येतं ते.

आणि घर लिंगायताचं. अंडं ठेवलेली पिशवीसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. गंगम्मा चौऱ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढायची, डाव्या तळहातावर ठेवायची आणि त्याच्याकडं टक लावून बसायची. पूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती ते तांब्यात घेऊन शेतात जायची आणि हौदात सोडायची. असल्या बाईला रक्ताचं पोतं दाखवायची कुणाची छाती? बसवेश्वरनं ती पूड गुपचूप पेंडीच्या जुन्या पोत्यात ओतली आणि तोंड बांधून टाकलं.

घोळ झाला तो इथंच. म्हातारीला रिकामं बसवत नसे. एक दिवस तो बाहेर गेलेला असताना तिनं पोतं सोडलं, पूड मातीत कालवली आणि मळून-मळून लाडू वळले. तो आला तर घमेल्यात चाळीस लाडू, एकासारखा एक.

"लय वास मारायली रं तुझी पेंड," ती हात हुंगत म्हणाली. "खवट झाली का काय?"

बसवेश्वरनं घमेलं तिच्यापुढून ओढून घेतलं. त्या घटकेला खरं बोलला असता तर म्हातारीनं चार दिवस तोंड टाकलं असतं, हातावर राख घासून घासून हात सोलून काढले असते, आणि तेवढ्यावर भागलं असतं.

"जुनी हाय अव्वा," तो म्हणाला. "झाडाला चालती."

तेव्हापासून लाडू वळायचं काम तिचंच झालं.

२

थंडी पडली. सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली. बसवेश्वर रोज उजाडताच हौदावर जायचा, आज पानं काळी पडलेली दिसणार असं मनाशी धरून. पानं काही काळी पडेनात. उलट नवी यायला लागली. काट्यांची घडी पाण्याखालून वर यायची आणि दोन दिवसांत उलगडताना वाटेत येईल त्याला फाडत जायची. हौदाच्या कडेनं त्यानं साधी कमळं लावली होती, हौसेची. आठवड्याभरात त्यांच्या चिंध्या होऊन पाण्यावर तरंगायला लागल्या.

त्यानं पुण्याच्या माणसाला फोटो पाठवला, त्या दिवशीचं वर्तमानपत्र पानावर ठेवून. उत्तर आलं नाही. काय खूश झाला होता तो! शिवरंजनीला उचलून घ्यायचा तेवढा बाकी होता.

त्या सोमवारी तो फळीवर पालथा पडला आणि त्यानं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. वरचं पाणी हाडं गोठवणारं. हात खाली गेला तसं पाणी कोमट लागलं, आणि बोटं गाळात शिरली तेव्हा गाळ चक्क ऊन होता, माणसाच्या काखेइतका ऊन. बसवेश्वर अडाणी नव्हता. उकिरड्यात हात घातला की आतून गरम लागतंच, खत कुजतंय म्हणजे ऊब धरणारच, असा त्यानं हिशेब केला. त्यानं लाडू गाळात दाबला.

बोटं काढण्याआधीच लाडू गेला.

दाबला म्हणून आत गेला नाही. कुणीतरी घेतला. लेकराला घास भरवताना त्याचे ओठ आपल्या बोटांना लागतात ना, तसं काहीतरी मऊ आणि ओलं त्याच्या बोटांच्या टोकांना लागलं आणि लाडू हातातून निघून गेला. तो तसाच पडून राहिला. गाळातला वायू असेल. कासव असेल एखादं. त्यानं दुसरा लाडू खाली नेला. तोही गेला, आणि या खेपेला बोटं जराशी चोखली गेली. पाचव्या लाडवाला तो मोठ्यानं हसला.

"खातंय की लेकाचं!"

कुणी शहाणा असता तर त्याच दिवशी झाड उपटून बांधावर टाकलं असतं. यानं विळा घेतला, एक पिवळं पडलेलं पान देठापासून कापून काढलं आणि शीळ घालत घरी आला.

घरी गंगम्मा टाचेला फडकं गुंडाळून बसली होती. फडकं लाल झालेलं.

"काय लागलं गं अव्वा?"

"काय की बाबा. बसल्या जागी टाच उकलली."

तिनं त्याच्या हातात भाकरी दिली. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि तो दचकला. बोटं हौदाच्या वरच्या पाण्यासारखी गार होती.

"चार दिस झाले असंच हाय," शिवरंजनी म्हणाली. "शेकून दिलं तरी हात ऊब धरंनात. डॉक्टरला दाखवा म्हणायलेय तर तुमी ऐकंनात."

"थंडी हाय. म्हातारं माणूस हाय. खामखा डोकं खाऊ नको," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला लोकरीचे हातमोजे आणून दिले.

३

सटवाजी बसवेश्वरच्या शेतात पाणी द्यायला यायचा. सत्तरीचा माणूस, कमी बोलायचा. त्याच्यामागं त्याचा कुत्रा यायचा, काळ्या नावाचा. पौषातल्या एका दुपारी सटवाजी आणि बसवेश्वर पाण्याच्या मोटारीची पेटी उघडून बसले होते. हौदाकडून कुत्र्याचं केकाटणं आलं आणि मधेच तुटलं.

काळ्या वासानं फळीवर गेला होता. त्याचं डोकं पाण्यात होतं आणि मागचे पाय फळीवर फरफर ओरखडे काढत होते. सटवाजीनं धावत जाऊन त्याचे पाय धरले. बसवेश्वरनं सटवाजीची कंबर धरली. दोन बापे आणि एक कुत्रं, तरी काळ्या वर येईना. खालून कुणीतरी ओढत होतं, सोडत होतं, परत ओढत होतं. शेवटी काहीतरी कडकन मोडलं आणि तिघंही मागं फेकले गेले.

काळ्याला खालचा जबडाच नव्हता. तो उठला, चार पावलं चालला, मालकाकडं बघून शेपटी हलवली आणि पडला. पण जीव जाईना. सटवाजीनं फावडं घेतलं. एका घावात झालं नाही, तीन घालावे लागले. तिसऱ्या घावाला म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

"काट्यानं फाटला," बसवेश्वर म्हणाला. "काटे लय बेकार हायत त्याचे."

"काटे असं करत न्हाईत, मालक." सटवाजीनं डोळे पुसले. "तुमी काय खाऊ घालायलाव त्याला, ते मला ठाव हाय. ती पेंड न्हाई. त्या वासावरच कुत्रं गेलं. आणि ते पाप तुमी म्हाताऱ्या आईच्या हातनं मळून घ्यायलाव. मी आज सांगतो अव्वाला."

"सांगून बघ."

"सांगणारच. लाज वाटू द्या जराशी."

बसवेश्वरच्या हातात मोटारीचा पाना होता. कधी उचलला ते त्याला कळलंच नाही. पहिला वार सटवाजीच्या कानाजवळ बसला. म्हातारा खाली पडला, तरी हा थांबला नाही. पाना निसटला तेव्हा मुठीनं मारलं, मूठ दुखावली तेव्हा लाथेनं. स्वतःच्या बापाच्या वयाच्या माणसाला, ज्याचं कुत्रं नुकतंच मेलंय त्याला, यानं मारलं. असल्या माणसाला काय म्हणावं?

तो थांबला, कारण मागं आवाज झाला. वारा नव्हता. तरी हौदातली सगळी पानं एकदम थोडीशी उचलली गेली आणि चपकन पाण्यावर पडली. मग परत. जेवण दिसल्यावर लेकरं थाळी वाजवतात तशी.

सटवाजी भेलकांडत उठला आणि रस्त्याच्या दिशेनं गेला. तो परत आला नाही आणि त्यानं गंगम्माला काही सांगितलंही नाही. बसवेश्वरचं उजवं मनगट मात्र सुजून टम्म झालं.

४

पुढच्या सोमवारी सकाळी तो विहिरीवर होता. डाव्या हातानं मोटारीचा पाइप बसवायची झटापट चालली होती. शिवरंजनी घरी. गंगम्मा नेहमीसारखी पूजा उरकून, पूजेच्या पाण्याचा तांब्या आणि लाडवांचं घमेलं घेऊन शेतात आली होती. तांब्या हौदात रिकामा करायचा आणि बांधावर बसायचं, एवढंच तिचं काम.

थोड्या वेळानं त्याला तिचा आवाज ऐकू आला. ती कुणाशी तरी लाडानं बोलत होती.

"घे. घे गं बाई. आज त्याचा हात दुखायलाय, मी भरवते तुला."

बसवेश्वरच्या हातातला पाइप गळून पडला.

"अव्वा! मागं हो! हात घालू नको!"

तो धावला. मधे तुरीचं रान. तूर छातीला लागत होती, आणि त्या पलीकडून म्हातारीचा आवाज येत होता. आधी हसरा, "अगं हळू की." मग, "सोड." मग परत, मोठ्यानं, "सोड म्हनलं ना!" मग पाण्याचा आवाज.

तो पोचला तेव्हा ती पाण्यात होती. एक हात फळीला, दुसरा खाली. पान तिच्या पाठीवर उलटून आलं होतं आणि काटे लुगड्यातून आत गेले होते. त्यानं उडी घेतली. तिला मागून कवेत धरलं आणि अंगातला सगळा जोर लावला. काट्यांनी त्याचे हात खांद्यापासून कोपरापर्यंत सोलले. एका क्षणी पकड सुटली आणि दोघं काठावर येऊन आदळले.

गंगम्मा खोकली, पाणी ओकली. मग तिचा हात गळ्याकडं गेला. तिथं तुटलेला दोरा होता, नुसता.

"बसू," ती म्हणाली. "माजं लिंग."

५

त्या दिवशी दुपारभर त्यानं फळीवरून गाळ चाचपला. दर वेळी हात खाली गेला की गाळ उघडायचा, बोटं चोखून बघायचा आणि लाडू नाही म्हणून सोडून द्यायचा. एकदा सोडलं नाही. त्यानं हात हिसकला तेव्हा अंगठ्याचं नख खालीच राहिलं होतं.

गंगम्मा हौदाजवळून हलेना. घरातली नवारीची बाज आणून लिंबाखाली टाकली, ती तिच्यावर मांडी घालून बसली. लिंग हाती आल्याबिगर अन्न नाही, पाणी नाही. रोजची मधुमेहाची गोळीसुद्धा नाही. गावातला डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, "या वयात, या साखरेत, उद्या दुपारपर्यंत काही पोटात गेलं नाही तर मी काही सांगू शकत नाही." सलाईनचं नाव काढलं तर तिनं हात मागं घेतला. मठातल्या स्वामींना बोलावलं. ते म्हणाले, "माय, दुसरं लिंग देतो, विधीनं देतो." ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "हरवलं असतं तर घेतलं असतं, स्वामी. हरवलं न्हाई. ते बघा, तिथं हाय."

संध्याकाळी शिवरंजनी गोधडी आणायला घरी गेली आणि मायलेक दोघंच उरले.

"बसू, त्या लाडवात काय असतंय?"

त्यानं नख गेलेल्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं.

"कुत्रं मेल्यापासून सटवाजी दिसंना. कुत्रं गेल्याचं मला रस्त्यावरच्या माणसानं सांगितलं. तू न्हाई सांगितलंस. मी काय मळत व्हते, बाळा? मला कळू दे. मला त्याचं प्रायश्चित्त तरी घेऊ दे."

सांगून टाकावं असं त्याला वाटलं. फार वाटलं. पण तिचे ते हात बघितले, हातमोज्यांत झाकलेले, आणि वाटलं की आता सांगितलं तर लिंग मिळालं तरी ही जेवायची नाही.

"पेंड, अव्वा. तुझ्यासमोर तर आणली."

मग तिनं मान हलवली आणि परत हौदाकडं तोंड केलं.

६

मंगळवारी सकाळी शेजाऱ्याचं डिझेलचं इंजिन आणून हौद उपसायला लावला. पाणी उतरत गेलं तशी पानं खाली खाली बसली आणि शेवटी सिमेंटवर लोळली. अकरा वाजता इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत रिंगमधला गाळ हळूच बुडबुडत होता, आणि त्या गाळातून वाफ निघत होती.

गंगम्माचे ओठ फाटले होते. डोळे आत गेले होते. तरी पाठ ताठ. डावा तळहात मांडीवर उघडा ठेवून ती त्या रिकाम्या तळहाताकडं टक लावून बसली होती, रोजच्या पूजेला बसायची तशीच.

बसवेश्वर कोयता घेऊन हौदात उतरायला लागला.

"बसू," ती म्हणाली. आवाज जेमतेम आला. "गाळाला लोखंड लावू नको. माजं लिंग हाय तिथं. हातानं काढ."

"न्हाई लावत. देठ तोडायला घेतलाय."

"शपथ?"

"तुझी शपथ, अव्वा."

देठ मनगटाएवढे जाड होते, काट्यांनी भरलेले, आणि रिंगभोवती असे वेढून बसले होते की हात घालायला जागा नव्हती. पहिल्या घावाला देठ अर्धा तुटला. दुसऱ्याला पुरा. वर बाजेवर गंगम्मा कण्हली. उपाशी आहे, कण्हणारच, असं त्याला वाटलं. तो पुढच्या देठाकडं वळला. त्याच्या डोक्यात आता दुसरं काही उरलंच नव्हतं. चार वर्षांची माया, पुण्याच्या माणसाचं हसणं, सटवाजी, काळ्या, सगळा राग त्या कोयत्यात उतरला होता. तो शिव्या देत होता आणि तोडत होता.

"अवो, थांबा!" शिवरंजनी वरून ओरडली. "अव्वाच्या पायाला रगत यायलंय!"

"टाच उकललीय तिची! महिना झाला!"

"टाच न्हाई! दोनी पायाला! अवो, वर बघा तरी!"

"फडकं बांध आणि गप बैस!"

त्यानं वर बघितलं नाही. अकरा देठ होते, अकराही तोडले. मग धापा टाकत रिंगपाशी गुडघ्यावर बसला, कोयता रिंगच्या कडेवर ठेवला आणि डावा हात गाळात घातला. उजवा अजून सुजलेलाच होता.

कोपरापर्यंत हात गेला. गाळ ऊन होता. बोटांनी चाचपत होता तोच खालून काहीतरी हळूहळू वर यायला लागलं, त्याच्या हाताला घासत, त्याच्या हातापेक्षा पुढं. त्यानं हात मागं घेतला. गाळ फुगला आणि फाटला.

तळहात होता. डावा. उताणा, बोटं जराशी वर वळलेली, काहीतरी सांभाळून धरल्यासारखी. करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली. ती करंगळी बसवेश्वर जन्मल्यापासून ओळखत होता. तो पोटात असताना त्याच्या आईची करंगळी कडबा तोडायच्या यंत्रात सापडली होती, ती तशीच वाकडी बसली. आणि त्या तळहातावर, मधोमध, डबीतून काढलेलं लिंग ठेवलेलं होतं. काळं, लखलखीत. त्याला गाळाचा कणही लागला नव्हता.

असा हात त्यानं आयुष्यात एकदाच बघितला होता. त्याच्या बापाला मातीआड केलं तेव्हा. त्यांच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात आणि माती सारतात. चेहरा झाकला गेल्यावरही तो तळहात थोडा वेळ दिसत राहिला होता. तेव्हा बसवेश्वर एकोणीस वर्षांचा होता.

त्यानं डोळे घट्ट मिटले आणि उघडले. मूळ आहे. सुजलेलं मूळ. कालपासून आपणही जेवलो नाही, भास होणारच. लिंग तर खरं आहे ना? ते उचलायचं, आईच्या हातात द्यायचं, ती दोन घास खाईल, संपलं. त्यानं दोन बोटांनी लिंग उचललं.

तळहात मिटला. घाईनं नाही. पाटीवर पहिलं अक्षर गिरवताना आई त्याची मूठ आपल्या मुठीत धरायची, तसा त्याची मूठ धरून मिटला. ऊनऊन हात. गेला महिनाभर जी ऊब आईच्या हाताला नव्हती ती सगळी इथं होती. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं.

मग त्या हातानं त्याला खाली ओढलं.

कोपर गेलं. खांदा गेला. गाल गाळावर आदळला आणि नाकातोंडात गाळ शिरला. त्याच्या कानाला मऊ, ओलं असं काहीतरी लागलं आणि चाचपायला लागलं. तो किंचाळला, पण तोंडात गाळ होता. उजवा हात मागं फडफडला, रिंगच्या कडेवर कोयता लागला, आणि त्यानं तो उचलून आंधळ्यासारखा घातला. खोल, गाळात, त्या मनगटावर. एकदा. हाडावर आवाज झाला. परत एकदा.

किंकाळी आली ती वरून. आधी एक बारीक, दाबलेली, आणि तिच्यामागून शिवरंजनीची, थांबतच नव्हती अशी.

त्याचा हात सुटला. तो मागं पडला, गाळ थुंकला आणि मूठ उघडून बघितली. लिंग मुठीत होतं. तो हसायला लागला, रडायला लागला. मूठ वर धरून पायऱ्या चढला.

"सापडलं! अव्वा, सापडलं गं!"

शिवरंजनी लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात तोंडावर. ती त्याच्याकडं बघत नव्हती. गंगम्मा बाजेवर बसलेली होती, तशीच, मांडी घालून. चेहरा राखेसारखा, पण शांत. डावा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी धरला होता. पदर जड झाला होता. नवारीतून खाली मातीत थेंब पडत होते.

तिनं उजवा हात पुढं केला. बसवेश्वरनं त्याच्यावर लिंग ठेवलं. तिनं ते डोळ्यांना लावलं, एकदा, दोनदा. तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

"शपथ घेतली व्हतीस की रं, बसू," ती म्हणाली. "लोखंड लावणार न्हाई म्हनून."

मग, पूजा करायची राहिली होती म्हणून, रोजच्या सवयीनं ती सावरून बसली आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवायला तिनं पदर उघडला.